रश्शाची मॅच नव्हती ती

कोल्हापुरात मला 'रस्सा सर' म्हणणारी माणसं अजून आहेत. मी आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला, पण माझा भूगोल कुणाच्या लक्षात राहिला असेल असं वाटत नाही. भाजी आणायला गेलो की पलीकडच्या गाळ्यावरून हाक येते, "काय रस्सा सर, बरं हाय न्हवं?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतो, हात वर करतो आणि हसतो. घरी येईपर्यंत ते हसू मला टोचत राहतं.

या नावामागे एक गोष्ट आहे. मुलींच्या बास्केटबॉलच्या एका सामन्याची. ती गोष्ट शहरभर सांगितली गेली, लग्नाच्या पंगतीत सांगितली गेली, आणि ती खोटी आहे. तिचं पहिलं वाक्य माझ्याच तोंडून गेलं. आमच्या मुलींनी खेळून जिंकलेला सामना मी एका वाक्यात पातेल्यात ओतला. तो पातेल्यातून काढून त्यांचा त्यांना परत द्यावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. बाकी माझी कशाबद्दल तक्रार नाही. गुडघे सोडले तर सगळं ठीक चाललं आहे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. महिला बास्केटबॉलची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा त्या वर्षी कोल्हापुरात भरली. यजमान म्हणून आमच्या मुलींना थेट प्रवेश मिळाला. एरवी त्या पातळीवर आम्ही कधी पोचलोच नव्हतो. सामने आमच्या कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर, आणि जिमखान्यामागे जेवणाचा मांडव. समित्या नेमल्या तेव्हा भोजन समिती माझ्या गळ्यात पडली. मला खाण्याची आवड आणि चांगले आचारी माझ्या ओळखीचे, एवढीच माझी लायकी. बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

गावाला तरी कुठं कळत होतं? आमच्याकडे कुस्ती आणि फुटबॉल. मुली चड्डी-बनियन घालून उड्या मारतात म्हणून पहिल्या दिवशी टवाळ पोरं भिंतीवर येऊन बसली. पण शेजारच्या गल्लीत एक म्हातारे पैलवान राहायचे. ते काठी टेकत आले, पुढच्या रांगेत खुर्ची ओढून बसले आणि शिट्टी वाजवणाऱ्या एका पोराकडे त्यांनी नुसतं वळून बघितलं. पुन्हा शिट्टी झाली नाही. मग त्यांनी मला विचारलं, "सर, ह्यात बरोबरीत सुटतंय का?"

"नाही हो. बरोबरी झाली तर जादा वेळ देतात."

"म्हंजे निकालीच. मग बघण्यासारखं हाय," ते म्हणाले, आणि शेवटच्या दिवसापर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत.

आमच्या संघाची कॅप्टन हुपरीची. घरी चांदीचं काम, आई-वडील दोघंही पैंजणं घडवणारे. उंची बेताची, बोलणं कोयत्यानं ऊस तोडावा तसं. एकदा मी तिला सहज म्हणालो होतो, "तुझ्या पायात पैंजण दिसत नाही, हुपरीची असून?" तर म्हणाली, "अख्ख्या गावाच्या पोरींच्या पायात आमचंच पैंजण हाय, सर. माझ्या पायात बूट असू द्या की." वडिलांना तिचं खेळणं फारसं पसंत नव्हतं. निदान तसं ती सांगायची. आडवे येत नव्हते, पण खेळ बघायलाही कधी आले नव्हते.

संघाच्या प्रशिक्षक मॅडम कडक होत्या. स्पर्धा संपेपर्यंत मुलींना तिखट बंद, तळलेलं बंद, मटण बंद. कोल्हापूरच्या मुली त्या. मांडवात बाकीचे संघ ताव मारत असताना या वरण-भाताकडे बघत बसायच्या. "मॅडम, निदान कांदा तरी?" एकीनं विचारलं तेव्हा मॅडमनी नुसती मान हलवली. ती कोणत्या दिशेनं हलली ते मुलींना बरोबर कळलं.

पहिले दोन सामने मुली जिंकल्या आणि उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी. दक्षिणेकडचं विद्यापीठ. त्यांची मधली खेळाडू सहा फूट उंच. ती रिंगखाली हात वर करून उभी राहिली की आमच्या मुली तिच्या काखेपर्यंत यायच्या.

सामन्याचा दिवस बुधवार होता आणि बुधवारी कोल्हापुरात मटण शिजतं. माझा आचारी कोडोलीचा. त्यानं पहाटेपासून तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से लावले होते. सकाळी त्या विजेत्या संघाच्या मॅनेजर बाई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. नमस्कार केला आणि हिंदीत म्हणाल्या, "सर, मॅच के दिन हमारी लड़कियाँ सिर्फ दही-चावल खाएँगी. और केला."

मी बरं म्हणालो. आचाऱ्यानं ऐकलं आणि पळी खाली ठेवली. "पावण्यास्नी दहीभात? कोन आजारी हाय का त्यांच्यात?"

"मॅच आहे त्यांची."

"मंग? पैलवान काय दहीभात खाऊन आखाड्यात उतरतोय व्हय?"

त्याला गप्प केलं खरं, पण माझ्याही मनाला ते लागलं होतं. पाहुणा कोल्हापुरात येतो आणि रस्सा न पिता जातो, हे आम्हाला जमत नाही. आम्ही आग्रह करतो. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढतो. दुपारी त्या मुली दहीभात जेवायला बसल्या तेव्हा मी पांढऱ्या रश्शाच्या वाट्या भरून स्वतः ताटांपाशी नेल्या. यात तिखट नाही, नारळाचं दूध आहे, तीळ आहेत, खसखस आहे, असं मोडक्या हिंदीत समजावलं. एका मुलीनं वाटी उचललीसुद्धा. मॅनेजर बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, वाटी खाली आली. मग त्या माझ्याकडे वळून हसल्या आणि म्हणाल्या, "मॅच के बाद, सर. प्रॉमिस. सब पिएँगे."

सगळ्या वाट्या भरलेल्याच परत आल्या. आचारी आमच्याकडे पाठ करून पोत्यावर बसला.

तेवढ्यात मागच्या दारातून आमचा संघ आत आला. पुढं कॅप्टन. "वास आला म्हणून आलो," ती म्हणाली.

"मॅडम कुठायत?"

"पंचांच्या बैठकीला गेल्यात. सर, त्या वाट्या आता टाकून देनार काय?"

मी काही बोलायच्या आत आचारीच वळला. "टाकून कशाला देतोय! बसा गं पोरींनू." आणि त्या बसल्या. त्या दिवशी ज्या तृप्तीनं त्यांनी तो रस्सा प्याला ती मी विसरलेलो नाही. कॅप्टननं दोन वाट्या प्यायल्या. कोडोलीचीच एक मुलगी संघात होती, सगळ्यात लहान, कधी बोलायची नाही. तिनं वाटी बोटानं पुसून घेतली. आचारी तिच्या गावचा, त्यानं न विचारता तिला आणखी वाढलं. जाताना कॅप्टन म्हणाली, "सर, मॅडमला सांगायचं न्हाय हं."

"नाही सांगत."

"शप्पत?"

"शप्पत."

संध्याकाळी सामना झाला आणि आमच्या मुली एका गुणानं जिंकल्या. तो कसा जिंकल्या ते मी पुढं लिहिणार आहे, कारण तेच तर आजवर कुणी सांगितलेलं नाही. इथं एवढंच सांगतो की मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला होता, पैलवानांच्या शेजारी उभा राहून. मला सगळं माहीत होतं.

सामना संपल्यावर मॅनेजर बाईंनी शब्द पाळला. त्यांच्या मुली मांडवात आल्या. काहींचे डोळे लाल होते. पहिल्या घोटानंतर ती सहा फुटी मुलगी आचाऱ्याकडे बघून हसली, मग दुसरीनं वाटी पुढं केली, मग तांबडाही मागितला. नाक पुसत, हसत, रडत त्यांनी दोन्ही रस्से संपवले. त्या वेळी मांडवाच्या कनातीबाहेर गर्दी होती. जिंकलेल्या मुलींना बघायला आलेली माणसं आत डोकावत होती. त्यांनी बघितलं ते एवढंच, की पाहुण्या पोरी घाम पुसत रस्सा पितायत.

मी बाहेर चहाच्या गाडीवर आलो. तिथं सगळे चढ्या आवाजात बोलत होते. एक जण मला म्हणाला, "सर, गेल्या सालचा चॅम्पियन संघ आपल्या पोरींकडनं हरतोय म्हंजे काय? काय चारलंसा त्यास्नी खरं सांगा!"

मी हातात कप घेतला आणि म्हणालो, "अहो, कोल्हापूरचा रस्सा पचवून पळणं काय खायचं काम आहे?"

गाडीभोवतीची सगळी माणसं अशी हसली की चहावाल्याच्या हातातली किटली हलली. एक म्हणाला, "मी बघितलं की! वरपत हुत्या!" आधी की नंतर, हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आपल्याच पोरींनी प्याला असं सांगितलं असतं तर शपथ मोडली असती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर 'जेवण सामन्यानंतरचं होतं' एवढं म्हणायला कुठलीच शपथ आड येत नव्हती. ते हसणं मला गोड लागलं होतं. भूगोलाच्या तासाला असं कुणी हसत नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका पेपरात छोटी चौकट आली, पांढऱ्या रश्शानं विजेत्यांना लोळवलं अशा अर्थाची. कॅप्टन पेपर घेऊन थेट स्वयंपाकघरात आली.

"सर, आमी जिंकलो का तुमचा रस्सा जिंकला, ते एकदा सांगा की."

"अगं, गंमत केली मी. लोक विसरतील चार दिवसांत."

तिनं पेपराची घडी घातली, चुलीशेजारी ठेवली. "गंमतच असंल तर बरं हाय," म्हणाली आणि सरावाला गेली.

उपांत्य फेरीत आम्ही दणकून हरलो. तिसऱ्या क्रमांकाचा सामना मात्र मुलींनी जिंकला आणि गळ्यात पदक घालून आल्या. त्याबद्दल कोल्हापुरात कुणी कधी बोललं नाही. त्या दिवशी जेवायला वरण-भात होता.

लोक काही विसरले नाहीत. मीच विसरू दिलं नाही. स्टाफरूममध्ये, निरोप समारंभात, मुंजीत, बारशात कुणीतरी म्हणायचं, "सर, तो रश्शाचा किस्सा होऊ द्या," आणि मी सुरू व्हायचो. दरवेळी त्या मुलींच्या हातातल्या वाट्या वाढत गेल्या. पुढं पुढं त्या पळताना ढेकर देऊ लागल्या. सहा फुटी मुलगी पोट धरून रिंगखाली बसली, हेही मी घातलं. एकदा लग्नातून घरी येताना बायको रिक्षात म्हणाली, "छान सांगता तुम्ही. पोरींनी जिंकलं आणि नाव पातेल्याचं झालं." मी हसून सोडून दिलं. ती हसली नव्हती.

पुढं कॅप्टन खेळाचं शिक्षण घेऊन शिरोळकडच्या एका शाळेत शिक्षिका झाली. नोकरीच्या एका मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न विचारला गेला होता, "म्हणजे रश्शाच्या मॅचमधल्या त्या तुम्हीच का?" आणि समोरची चारही माणसं हसली होती. हे मला दुसऱ्याकडून कळलं. ती स्वतः कधी काही बोलली नाही.

पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. माझ्या नातीसाठी पैंजण घ्यायला मी हुपरीला गेलो होतो. मुद्दाम कॅप्टनच्या वडिलांकडेच गेलो. त्यांनी ओळखलं, पाणी दिलं, घुंगरू हलकं हवं की भरीव ते विचारलं. मग पैंजण तराजूत ठेवता ठेवता म्हणाले, "सर, लोक त्या मॅचबद्दल म्हणत्यात ते खरं हाय का? पोरगी म्हणती न्हाय म्हणून."

साधा प्रश्न होता. समोर फक्त ते होते, हसायला दुसरं कुणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून सवयीनं तेच आलं. "पोरी चांगल्याच खेळल्या हो. पण रश्शानंही हातभार लावला म्हणा की!"

त्यांनी पैंजण तराजूतून उचललं. "बरं," म्हणाले आणि पैंजण गुलाबी कागदात गुंडाळून दिलं. नात ते पायात घालून घरभर पळायची तेव्हा मला दरवेळी त्यांचं ते 'बरं' ऐकू यायचं. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. एका बापानं मला त्याच्या मुलीबद्दल खरं काय ते विचारलं होतं, आणि मी त्याला विनोद सांगितला होता.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी तीच स्पर्धा पुन्हा कोल्हापुरात आली. मी निवृत्त झालो होतो. उद्घाटनानंतरच्या जेवणाआधी जुन्या माणसांचा सत्कार होता. कॅप्टन आता आमच्याच संघाची सहप्रशिक्षक म्हणून आली होती, तिच्या खेळाडूंबरोबर पहिल्या रांगेत बसली होती. मला शाल-नारळ दिला आणि निवेदकानं माईक पुढं केला, "आता सरांकडून तो प्रसिद्ध किस्सा!" टाळ्या पडल्या. कॅप्टनचा चेहरा जसा होता तसाच राहिला. तिच्या शेजारच्या मुली मात्र हसायच्या तयारीत माझ्याकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा सामना होता.

मी म्हणालो, "तो किस्सा खोटा आहे."

पुढं सगळं सांगून टाकलं. पाहुण्या मुलींनी दुपारी दहीभात खाल्ला. रस्सा त्यांनी सामना संपल्यावर प्याला. दुपारच्या वाट्या परत आल्या आणि त्या आपल्याच मुलींनी संपवल्या. मला वाटलं, आता मांडवात शांतता पसरेल.

मांडव हसून हसून लोळला. "म्हंजे रस्सा आपल्या पोरींनी पिला हुता! मग काय, जिंकणारच की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा. आठवड्याभरात स्टँडजवळच्या एका खाणावळीनं 'चॅम्पियन पांढरा रस्सा' अशी पाटी लावली. खोटं सांगितलं तेव्हा श्रेय रश्शाला गेलं होतं, खरं सांगितलं तरी ते रश्शालाच गेलं.

सत्काराच्याच संध्याकाळी, जेवण झाल्यावर हात धुताना कॅप्टन शेजारच्या नळावर आली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडावर मला हसू दिसलं.

"सर, लै चांगलं केलंसा. शप्पत मोडलीसा, पण चालतंय. मॅडम आता काय करतील?"

"पण उपयोग काय झाला? सगळे हसलेच."

"हसणारच की. तुमी जेवण सांगितलंसा. मॅच सांगायची ऱ्हायलीच."

तिचं म्हणणं घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं मी वाट्यांबद्दल बोललो, सत्कारातही वाट्यांबद्दलच बोललो. मैदानावर काय झालं त्याबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर गेलं नव्हतं.

पावसाळा संपल्यावर मी शिरोळला गेलो. कृष्णेचं पाणी उतरून गेलं होतं, उसाच्या बांधांवर गाळ वाळला होता. जाताना आचाऱ्याच्या मुलाकडून पांढऱ्या रश्शाचा मोठा डबा भरून घेतला होता. रिकाम्या हातानं जाणं मला जमत नाही. कॅप्टनच्या शाळेत त्या दिवशी शेजारच्या शाळेशी सामना होता, मुली पायात बूट चढवत होत्या. मी कारण सांगितलं.

"मॅच लिहून काढायची आहे. मला जेवढं आठवतं ते बरोबर आहे का सांग."

ती मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसली. मी आठवून सांगत गेलो, ती जिथं चूक तिथं थांबवत गेली. ते असं.

पहिल्या हाफात आम्ही बरेच मागं पडलो होतो. प्रत्येक चेंडू त्या उंच मुलीकडे जायचा आणि ती तो रिंगमध्ये ठेवायची, आपण फळीवर डबा ठेवतो तसा. आमची मुलगी तिच्या मागं उभी राहून हात हलवत होती, त्याचा काही उपयोग नव्हता. मध्यंतरात कॅप्टन मॅडमना म्हणाली, तिच्याकडे चेंडू आल्यावर आपण काही करू शकत नाही, मग चेंडू तिच्याकडे येऊच द्यायचा नाही. एक मुलगी तिच्या पुढं उभी करा, एक मागं. लांबून मारणाऱ्या दोघींना मोकळं सोडावं लागेल, तर सोडू.

"मॅडमनी ऐकलं," कॅप्टन म्हणाली. "हे लिवा. दुसऱ्या कुनी ऐकलं नसतं."

दुसऱ्या हाफात कॅप्टन स्वतः त्यांच्या चेंडू पुढं आणणाऱ्या मुलीला चिकटली. आधीचे दोन्ही दिवस बाकीच्या पोरी खोलीवर झोपायच्या तेव्हा ही कडेला बसून त्यांचे सामने बघायची. तिला एक दिसलं होतं. उंच मुलीला चेंडू टाकायच्या आधी ती मुलगी एकदा तो दोन्ही हातांत घट्ट धरायची. तेवढ्यात झडप घालायची. पहिल्यांदा चुकली, फाऊल झाला. दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा चेंडू हातात आला. गुणांमधलं अंतर कमी होत गेलं. आणि पाहुण्या मुली दमल्या वगैरे नव्हत्या. शेवटपर्यंत त्या वाऱ्यासारख्या पळत होत्या, उंच मुलगी शेवटच्या मिनिटालाही हात हात उंच उडत होती. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. पैलवान माझा दंड धरून म्हणत होते, "दोन्ही बाजू तयारीच्या हायत, सर. अशी जोड हल्ली बघायला मिळत न्हाय."

शेवटी आम्ही एका गुणानं मागं होतो आणि चेंडू त्यांच्याकडे. कॅप्टननं पुन्हा झडप घातली आणि चेंडू घेऊन एकटी धावत सुटली.

"आणि मग तू बास्केट केलंस," मी म्हणालो.

"बघा! तुमी बी तसंच सांगताय. ते माझं न्हवं, सर."

मला खरंच तसंच आठवत होतं. ती उठली, दोन मुलींना हाक मारून उभं केलं आणि दाखवलं. त्या दिवशी कॅप्टन रिंगखाली पोचली तेव्हा ती उंच मुलगी मागून येऊन पुढं उभी ठाकली होती. चेंडू मारला असता तर तिनं तो नक्की अडवला असता. कॅप्टननं मारायचा आव आणला आणि न बघता चेंडू मागं टाकला. मागून कोडोलीची ती अबोल मुलगी येत होती. ती तिथं असणारच हे कॅप्टनला माहीत होतं, कारण सरावात ती रोज तिथं असायची. तिनं चेंडू पकडला, थांबली, आणि शांतपणे रिंगमागच्या फळीवर मारला. फळीवरून आत. त्यांचा शेवटचा चेंडू रिंगला लागून बाहेर पडला.

"आता दूध डेरीत हाय ती," कॅप्टन म्हणाली. "तिला कुनी विचारत न्हाय त्या मॅचचं. तिचं लिवा आधी, मग माझं."

मी तिला कबूल केलं, आणि मग इतकी वर्षं न बोललेलं बोललो. तिच्या वडिलांनी मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, सगळं.

ती चकित झाली नाही. "आबांनी सांगितलं हुतं मला. तुमी पैंजण घेऊन गेलासा त्याच दिवशी."

"काय म्हणाले?"

"आबा मॅचला आलते, सर. भिंतीपाशी उभं हुते, टोपी काढून खिशात घातलेली, कुनी वळखू नये म्हणून. मलाबी लै दिवसांनी कळलं. त्यांनी सगळी मॅच बघितली हुती, मग त्यांना तुमच्याकडनं काय ऐकायचं हुतं? तुमी काय सांगताय ते बघायचं हुतं त्यांना." माझ्याकडे बघून तिला बहुतेक कीव आली. "रागानं न्हवते म्हणाले. म्हणाले, सर माणूस चांगला हाय, पण हसवायच्या नादात वाहून जातोय."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एका बापापासून त्याच्या मुलीचा विजय हिरावून घेतला. तो त्यांच्याकडे होताच. त्यांनी तो भिंतीपाशी उभं राहून स्वतः बघितला होता. माझ्याकडून गेलं होतं ते माझंच काहीतरी. पण छातीवरचं ओझं हललं, हे खरं.

समोर मुली मैदानात उतरायला लागल्या होत्या. मी सवयीनं डब्याकडे हात नेला. "थोडा थोडा देऊ का गं पोरींना? तिखट नाही, पांढरा आहे."

कॅप्टननं डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"मॅच झाल्यावर, सर."

मग मी डबा पायांशी ठेवला आणि पुढं सरकून बसलो. या वेळी मैदानावरून नजर हलवायची नाही असं ठरवलं होतं. शेजारी शिपाई येऊन बसला, डब्याकडे बघून म्हणाला, "पावणं, वास झकास येतोय. काय हाय त्यात?"

"ते नंतर," मी म्हणालो. "आधी ती सात नंबरची बघा. चेंडू नसताना कुठं पळते ते बघा."